सावली काढा

“सावली काढा.”

त्यानं माझ्याशी उच्चारलेले हे पहिले दोन शब्द. सिंगापुरात, आंग मो किओच्या इंडस्ट्रियल पार्कमधल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत मी हिशेब विभागात नुकताच रुजू झालो होतो. कुणीतरी म्हणालं, तिसऱ्या मजल्यावर क्वालिटीत एक मराठी माणूस आहे, भेटून या. परक्या देशात आपल्या भाषेतला माणूस भेटणार म्हणून मी जेवणाची सुट्टी अर्धी टाकून वर गेलो. तो भिंगाखाली एक सर्किट बोर्ड धरून बसला होता. मी तोंडभर नमस्कार तयार ठेवून त्याच्या टेबलापाशी उभा राहिलो. त्यानं मान वर केली नाही. चेहऱ्यासमोरची माशी हाकलावी तशी दोन बोटं हवेत हलवली आणि ते दोन शब्द म्हणाला.

मी बाजूला झालो. बऱ्याच वेळानं त्यानं मान वर करून “बोला” म्हटलं, तेव्हा माझ्याजवळ बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

असा माणूस तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल. समोर कोण आहे यापेक्षा तो उजेड किती अडवतो, एवढंच ज्याला दिसतं, असा. मला तो आवडत नसे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. लोक आवडत्या माणसांबद्दल लिहितात, आणि मग त्यांचे दुर्गुणही गोड होऊन जातात. इथे तशी सोय नाही. तो माझ्याहून वयानं बराच मोठा. समोर मी कायम अहो-जाहोच केलं. कागदावर मात्र तो ‘तो’च राहील.

कंपनीत त्याचं काम माल अडवण्याचं. तयार झालेल्या मालातला थोडा तपासायचा आणि शंका आली की सगळ्या खोक्यांवर लाल पट्टी लावायची. महिनाअखेरीला माझी बिलं तयार असत, जहाज ठरलेलं असे, आणि खाली गोदामात लाल पट्ट्या लागलेल्या असत. मी वर जाऊन विचारायचो, “काय झालं?”

“आत्ता नाही.”

“मग कधी?”

“झाल्यावर.”

“काय झाल्यावर?”

“तुम्हाला सांगून कळणारे का?”

कधी कधी त्याची शंका खरी निघे. बहुतेक वेळा खोटी निघे. खोटी निघाली तरी तो कधी ‘चुकलो’ म्हणाला नाही. पट्टी काढून टाकायचा आणि पुढच्या खोक्याकडे वळायचा.

दुर्दैव असं की तो राहायलाही आमच्या शेजारच्याच ब्लॉकमध्ये, म्हणजे इमारतीत होता. एकटा. लग्न केलेलं नव्हतं. बायकोचं म्हणणं, एकट्या माणसाला सणावाराला तरी बोलवावं. म्हणून मी नको म्हणत असतानाही एकदा दसऱ्याला बोलावलं. त्यानं श्रीखंडाला नावं ठेवली नाहीत, पण आमटीची वाटी बोटांनी चाचपून म्हणाला, “एवढी उकळती वाढता, मग चव लागणार कशी? थांबायला हवं थोडं.” तो गेल्यावर बायको मला म्हणाली, “तुमचं बरोबर होतं. पुन्हा नको.”

आमची मुलगी इथल्याच शाळेत शिकलेली. ती इथल्याच थाटात म्हणाली, “बाबा, युअर फ्रेंड सो फिअर्स, लाह.” मी म्हटलं, तो माझा फ्रेंड नाही.

डॉक्टरांनी मला साखरेसाठी चालायला सांगितलं, तेव्हा मी रविवारी सकाळी जवळच्या रिझर्व्हॉयरच्या काठानं फिरायला लागलो. तिथे काठाचा एक तुकडा मासेमारीसाठी नेमून दिलेला आहे. जिवंत आमिष चालत नाही, प्लास्टिकचे मासेच लावायचे. एका रविवारी पाहतो तर हा तिथे. रॉड कठड्याला टेकवून ठेवलेला, आणि स्वतः पाण्यापासून चांगला लांब, झाडाखाली हाताची घडी घालून उभा.

“मासे नाहीत का आज?” मी विचारलं.

“आहेत.”

“मग धरत का नाही?”

“बाळंतपण आहे.”

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण चेष्टा हा त्याचा प्रांत नव्हे. त्यानं मला शर्टाच्या बाहीला धरून पुढे नेलं. कडेच्या पाण्यात एक धुरकट ढग तरंगत होता. नीट पाहिल्यावर कळलं, ती पिलं होती, शेवयांच्या तुकड्यांएवढी. ढगाच्या दोन्ही बाजूंना दोन दांडगे मासे होते, हिरवट सोनेरी, अंगावर काळे पट्टे, शेपटीवर मोरपिसासारखा डोळा. एकाच्या कपाळावर चक्क टेंगूळ.

“नर,” तो म्हणाला. “बाप व्हायची वेळ आली की टेंगूळ येतं.”

“ते आपल्याकडेही येतं,” मी म्हटलं. तो हसला नाही. लगेच मला मागे ओढलं. “सावली काढा. घाबरतात.”

ते पीकॉक बास. मूळचे दक्षिण अमेरिकेतले. कुणीतरी हौसेनं इथे आणले, कुणीतरी पाण्यात सोडले, आणि ते माजले. हा माणूस मात्र बास शिकला होता उत्तर अमेरिकेत, मिनेसोटात. तिथे शिकायला गेला आणि नोकरीत बरीच वर्षं राहिला. तिथला बास निराळा, पण याच्या बोलण्यात दोघांची कायम सरमिसळ असे. तिकडे, तो सांगायचा, तळ्यावरचा बर्फ वितळतो, पाणी हळूहळू तापतं, आणि फॅरनहाइटचा काटा साठी ओलांडून थोडा वर गेला की नर उथळ पाण्यात येऊन शेपटीनं तळ झाडायला लागतो. उथळ खाडी आधी तापते, म्हणून तिथे आधी. खोल तळं उशिरा, उत्तरेकडचं आणखी उशिरा. ज्या काठावर दिवसभर ऊन, तिथे पहिली घरटी. मधेच थंडीची लाट आली की सगळं थांबतं, नर घरटं सोडून खोल पाण्यात जातो आणि पुन्हा ऊब आली की परत येतो. त्या दिवसांत काही राज्यांत बास धरून घरी न्यायला बंदी असते.

“इथे आहे का बंदी?” तो मला विचारायचा, जणू सिंगापूरचा कारभार माझ्याकडे होता.

“इथे हिवाळाच नाही,” मी म्हणायचो. “सीझनच नाही, तर बंदी कधी घालणार?”

“म्हणून तर मला उभं राहावं लागतं.”

आणि तो खरंच उभा राहायचा. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, हातात मिटलेली काळी छत्री घेऊन. मासा पिलांजवळ असला की भुकेनं नव्हे, रागानं गळावर तुटून पडतो. जवळून जाणाऱ्या कशालाही चावतो. त्यामुळे पिलं दिसली की गळवाल्यांची चैन. हा त्यांना आडवा जायचा.

“नॉट नाउ,” तो म्हणायचा.

“व्हाय नॉट? गॉट साइन, मे?” समोरचा विचारायचा. पाटी आहे का कुठे?

“आय ॲम द साइन.”

“अंकल, वी रिलीज लाह. फोटो काढतो, सोडून देतो.”

“तुम्ही मासा सोडता. पिलं कोण परत आणणार?”

त्यात तथ्य होतं, तेवढं मान्य करतो. मी पाहिलंय. नर फोटोसाठी पाण्याबाहेर असतो तेवढ्यात कडेला टपलेले बारके मासे त्या ढगात घुसतात. नराला परत सोडेपर्यंत ढग विरळ झालेला असतो.

पण तथ्य असलं म्हणून वागणं शोभतं असं नाही. तो लोकांच्या रॉडला छत्री आडवी लावायचा. एकदा एका म्हाताऱ्या चिनी गृहस्थाला इतकं बोलला, की ते आपली घडीची खुर्ची उचलून निघून गेले. त्या दिवशी मी त्याला ऐकवलं. “तुम्ही वाचवताय कुणाला? हा मासा इथला नाही. इथल्या लहान माशांना खातो. तो कमी झालेला बराच.”

“तुम्ही इथले आहात?”

“मी कामाचा पास काढून आलोय.”

“बरं. त्यालाही काढायला सांगतो,” तो म्हणाला. एवढ्या वर्षांत त्यानं केलेला हा एकच विनोद, आणि तोही माझ्यावरच.

स्वतः तो शाकाहारी होता, हेही सांगायला हवं. “हात लावतो, तोंड लावत नाही,” म्हणायचा. त्याच्या गळाला उलटा काटा नसे. मासा लागला तर पाण्यातच ठेवून, गळ काढून, जाऊ द्यायचा. फोटो कधीच नाही.

त्याचं मुख्य दुखणं मला उशिरा कळलं. एका रविवारी पिलांचा नवा ढग दिसला. माझ्यासारख्याला तो पाहून बरं वाटलं असतं. हा चिडला होता. “पुन्हा उशीर,” म्हणाला.

“कशाला उशीर? पिलं आहेत की.”

“पिलं सगळ्यांनाच दिसतात. मला अंडी घालताना बघायचंय. मादी दगडावरून जाते आणि मागून नर जातो, ते. मिनेसोटात घरटी पाहिली, नर पाहिले, पिलं पाहिली. ते नाही पाहिलं. अर्ध्या दिवसात आटपतं. एकदा बघितलं की झालं.”

“पुस्तकात असेल.”

“पुस्तकात आहे,” तो म्हणाला, आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पुढे चालायला लागलो.

ते पाहायचं तर ते कधी होणार हे आधी कळायला हवं. त्यासाठी त्याचे आडाखे. पहिला आडाखा मिनेसोटाचा, तापमानाचा. दोरीला थर्मामीटर बांधून तो पाण्यात सोडायचा. एक वर्षभर त्यानं हा उद्योग केला. इथलं पाणी बारा महिने कोमट. काटा थोडा इकडे, थोडा तिकडे. मी हिशेबातला माणूस. मी म्हटलं, “जो आकडा जवळपास हलतच नाही, त्यावरून काही ओळखता येत नाही. हे तुम्हाला वर्षभरानं कळलं?” त्यानंतर तो माझ्याशी बरेच दिवस बोलला नाही. ते दिवस चांगले गेले.

मग चंद्र आला. पौर्णिमेच्या आधी, म्हणाला. पौर्णिमा आली नि गेली. मग पाऊस. डिसेंबरच्या मोठ्या पावसात पाणी चढतं, ताजं पाणी येतं, तेव्हा जोड्या जमतात. जमलेल्या दिसल्याही, पण फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांतही दिसल्या. शेवटी तो पाण्याच्या पातळीवर आला. अंडी उथळ जागी, कठीण सपाट दगडावर किंवा बुडालेल्या ओंडक्यावर घालतात. पातळी उतरली तर अंडी उघडी पडतात, एकदम चढली आणि पाणी गढूळ झालं तर चिखल बसतो. म्हणून पाऊस होऊन गेल्यावर पाणी निवळून काही दिवस स्थिर राहिलं की मग. हे त्यातल्या त्यात पटण्यासारखं होतं. पण ‘या आठवड्यात’ असं त्यानं जेव्हा जेव्हा छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा एक तर काहीच घडलं नाही, किंवा पुढच्या रविवारी थेट पिलं दिसली. त्याचं एकही भाकीत खरं ठरलेलं मला आठवत नाही, आणि असल्या गोष्टी मला आठवतात.

अशी बरीच वर्षं गेली, आणि कंपनीनं त्याचा विभाग पेनांगला हलवायचं ठरवलं. तरुणांना तिकडे बोलावलं. त्याला बोलावलं नाही. वर्षअखेरीला त्याचा पास संपणार होता. तो मिरजेला भावाकडे जाणार असं कळलं. मिरजेला बास नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं असं म्हणणार नाही. महिनाअखेरीचा विचार मनात आला आणि हायसं वाटलं.

त्याच सुमारास त्याला तो दगड सापडला.

मासेमारीच्या जागेतल्या लाकडी डेकच्या डाव्या कोपऱ्याशी, उथळ पाण्यात, टेबलाएवढा सपाट दगड होता. एका सोमवारी तो माझ्या टेबलाशी आला. तो स्वतःहून खाली आला, हेच नवल. मग म्हणाला, “साफ करतायत.”

“कोण?”

“जोडी. दगड तोंडानं घासून साफ करतायत. काल दिवसभर अधूनमधून पुढे जाऊन पाहिलं. याच्यानंतर अंडीच.”

“अभिनंदन,” मी म्हटलं.

“रविवारी तुमची ती स्पर्धा आहे.”

आता काय येणार ते मला कळलं. कंपनीच्या रिक्रिएशन क्लबचा मी सेक्रेटरी. दरवर्षी मासेमारीची स्पर्धा होते. सर्वांत मोठा मासा, फोटो, ढाल. आमचे प्रॉडक्शन मॅनेजर तिचे भक्त. जागा तीच, कारण घरापासून जवळ दुसरी नाही.

“एक आठवडा पुढे ढकला,” तो म्हणाला.

“बस ठरलीय. जेवण ठरलंय. लोकांनी घरच्यांना सांगितलंय.”

“पुढच्या आठवड्यात खा की.”

“मागच्या वर्षी तुम्ही म्हणालात म्हणून मी तारीख बदलली होती. आठवतं? पाऊस होता. काय निघालं?”

त्यानं माझ्या टेबलावरचं कॅलेंडर आपल्याकडे वळवलं.

“त्याच्या आधी पौर्णिमा होती. तेव्हाही मी लोकांची बोलणी खाल्ली. तुमच्या शब्दावर मी दोनदा तारीख बदललीय. आता नाही.”

“हा आडाखा नाही. मी बघितलंय डोळ्यांनी.”

“घासताना बघितलंय. घालताना नाही.”

हे मी बोललो आणि आजही ते बरोबर होतं असंच म्हणतो. चाळीस माणसांचा रविवार एका माणसाच्या अंदाजावर तिसऱ्यांदा हलवता येत नाही. तो उभाच होता. माझ्या कागदांवर त्याची सावली पडली होती, आणि बोटं हलवून ते दोन शब्द म्हणायचा मोह मला झाला. मी आवरला.

“माझा हा शेवटचा आहे,” तो म्हणाला. रविवार, की वर्ष, की आणखी काही, ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

शनिवारी दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. आमच्या ब्लॉकखालच्या गटारातून चहाच्या रंगाचं पाणी वाहत होतं. रविवारी सकाळी पाऊस थांबला. आमची बस पोचली तेव्हा तो आधीच तिथे होता. डाव्या कोपऱ्यावर, नेहमीच्या जागेहून कितीतरी पुढे, अगदी पाण्याच्या कडेला, लोकांकडे तोंड करून. छत्री उघडलेली. ऊनही नव्हतं, पाऊसही नव्हता.

“दिस साइड क्लोज्ड,” तो म्हणाला.

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, आज साहेबांनी स्वतःलाच लाल पट्टी लावलीय. मॅनेजर पुढे आले. स्वभावानं वाईट माणूस नव्हे. “आय्या, अंकल, वन फोटो ओन्ली लाह. देन पुट बॅक.”

“नॉट नाउ.”

“नॉट नाउ, नॉट नाउ. एव्हरी टाइम नॉट नाउ. टुडे यू नॉट वर्किंग, यू नो.”

मॅनेजरनी त्याच्या छत्रीच्या बाजूनं वाकून पाण्यात पाहिलं. मीही पाहिलं. रात्रीतून गाळ बराच खाली बसला होता. दगड दिसत होता. त्यावर चिखलाचा पातळ थर होता, आणि दुसरं काहीही नव्हतं. जोडी नव्हती. अंडी नव्हती.

“नो फिश लाह, अंकल,” मॅनेजर म्हणाले. आवाज उतरला होता त्यांचा.

त्यानं मागे वळून पाहिलं नाही. त्याला ते माहीत होतं. उजाडल्यापासून तो तिथे होता, त्याला सगळ्यांच्या आधी माहीत होतं.

“येतील,” तो म्हणाला.

स्पर्धा झाली. गढूळ पाण्यात कुणाला धड काही लागलं नाही. एका पोरानं धरलेल्या तळहाताएवढ्या तिलापिया माशाला ढाल मिळाली. आम्ही जेवलो. मी ताट भरून त्याच्याकडे पाठवलं, ते तसंच परत आलं. बसमध्ये बसताना पाहिलं तर तो त्या रिकाम्या दगडापुढे तसाच उभा होता, फक्त आता पाण्याकडे तोंड करून. डाव्या कोपऱ्यात दिवसभर कुणी गळ टाकला नव्हता. मॅनेजरनीही नाही. तसं कुणी ठरवलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. क्वालिटीतली भिंगं खोक्यांत गेली. निरोप समारंभ त्यानं नाकारला. जायच्या आदल्या दिवशी तो आमच्या दारात आला. बायकोनं बसा म्हटलं. बसला नाही. चपलाही काढल्या नाहीत.

“तुम्ही चालायला तिकडूनच जाता,” तो मला म्हणाला. “दगडावर लक्ष ठेवा.”

“नाही ठेवणार.”

“मी सांगतोय म्हणून नको. जाता-येता बघा.”

“मला त्यात रस नाही.”

“तुम्हाला कशातच नाही,” तो म्हणाला. बायकोला नमस्कार केला आणि लिफ्टकडे गेला. आमचा निरोप हा असा.

तरी माझा फिरण्याचा रस्ता तोच होता. त्याच्यासाठी तो बदलण्याचं काही कारण नव्हतं. डाव्या कोपऱ्याशी मी थांबायचो, ते धाप लागते म्हणून. दगड दिसायचा. दगडच दिसायचा. असे पुष्कळ रविवार गेले, मोठा पाऊस येऊन गेला, आणि मार्च उजाडला.

त्या सकाळी पाण्यावर वारा नव्हता. ऊन माझ्या पाठीमागून येत होतं. मी कठड्यावर रेलून खाली पाहिलं, आणि दगडावर ते दोघे होते. मादी पोट दगडाला लावून अगदी सावकाश पुढे सरकत होती, जणू सारवत होती. तिच्यामागे, त्याच वाटेनं, तो टेंगूळवाला. टोकाला गेली की ती वळून पुन्हा सुरुवातीला यायची, आणि पहिल्या ओळीशेजारी दुसरी ओळ. दगडावर फिकट पिवळे ठिपके होते, चिकटून, ओळीनं. सारवणाशी तुलना मला त्याच क्षणी सुचली, आणि त्याला ती आवडली नसती, हेही सुचलं.

मी फोन काढला आणि व्हिडिओ घेतला. त्याचा नंबर माझ्याकडे होता, लाल पट्ट्यांच्या दिवसांतला. एक अक्षर न लिहिता पाठवून दिला. मिरजेला तेव्हा जेमतेम उजाडलं असेल. निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर मात्र आलं नाही. तो पुन्हा पुन्हा पाहत असावा असं मी धरून चाललो. मग फोन थरथरला.

“पाऊस कधी झाला?”

“बरेच दिवस नाही,” मी लिहिलं.

“पातळी?”

“दगडावर वीतभर पाणी. स्थिर आहे.”

“चंद्र?”

“सकाळी कसला चंद्र.”

मादी दुसऱ्या टोकाला जाऊन वळली. मग फोन वाजला. या वेळी आवाज होता त्याचा, झोपेतून उठलेल्या माणसाचा, जड.

“ती सावली कुणाची आहे?”

मी पाहिलं. माझी सावली कठड्यावरून खाली उतरून सरळ दगडावर पडली होती. डोकं मादीच्या पाठीवर. व्हिडिओत ती पहिल्यापासून शेवटपर्यंत असणार.

“माझी,” मी म्हटलं.

“काढा.”

सावलीनं त्या माशांचं काहीही बिघडलं नव्हतं. ते सावलीतून जात होते, येत होते, आपलं काम करत होते. इतक्या वर्षांत तो कठड्याशी येऊन उभा राहिला असता तरी काही बिघडलं नसतं. हे मी त्याला सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. व्हिडिओ त्यानं पाहिला होता, आणि बोर्डावरचा केसाएवढा तडा ज्याला दिसायचा, त्याला हे दिसलं नसेल असं नाही.

मी मागे सरलो. तो म्हणाला, “आणखी.” मी आणखी सरलो. पाठ झाडाला लागली. तेच झाड, ज्याच्याखाली तो हाताची घडी घालून उभा असायचा. तिथून पाण्याकडे पाहिलं, तर पाण्यावर नुसती आभाळाची चकाकी होती. दगड नाही, मासे नाहीत, काही नाही.

“दिसतंय का काही?” त्यानं विचारलं.

“नाही.”

“मग बरोबर उभे आहात,” तो म्हणाला.

फोन त्यानं ठेवला नाही. मीही ठेवला नाही. पलीकडे मिरजेत कुठेतरी नळाखाली बादली भरत होती, तिचा आवाज येत होता. ऊन वर चढेपर्यंत आम्ही दोघे तसेच उभे राहिलो.